सरांनी दिलेला सूर

आमच्या शाळेत शिकवणं हा जोडधंदा होता. मुख्य धंदा उपक्रमांचा. पंधरा ऑगस्ट झाला की वक्तृत्व, वक्तृत्व आटोपलं की खो-खो, खो-खोच्या पोरींचे गुडघे बरे होतात न होतात तोच विज्ञान प्रदर्शन, मग स्नेहसंमेलन, आणि या सगळ्यांतून वाट काढत येणारी सव्वीस जानेवारीची लेझीम. अमरावतीतली सरकारी शाळा, दोन पाळ्या, आणि पटांगण एवढं मोठं की या टोकाला उभं राहून त्या टोकाचं पोट्टं ओळखू येऊ नये. मी गणिताची. माझं वर्गसमीकरण फळ्यावर अर्धं सुटलेलं असायचं आणि खिडकीखाली ताशा कडाडायचा. मी खिडकीतून अशी ओरडायची की ताशावाला पोट्टा काडी टाकून पळायचा. पोरं मला 'दुसरी घंटा' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं.

माझ्या वर्गाच्या बरोबर वर पेटी वाजायची. इतिहासाचे एक सर मधल्या सुटीत आणि शाळा सुटल्यावर पोरांना समूहगान शिकवायचे. नोकरी इतिहासाची, जीव पेटीत. मी नवीन होते तेव्हा मुख्याध्यापकांकडे त्यांची तक्रार केली. दुसऱ्या दिवशी सर माझ्या वर्गाच्या दाराशी आले, माफी मागितली, आणि कोणत्या वेळी वाजवलं तर चालेल ते विचारून गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला आले. चौथ्या दिवशी विचारायला काही उरलं नव्हतं तरी आले. पुढे आमचं लग्न झालं तेव्हा स्टाफरूममध्ये म्हणत, मॅडमने तक्रार मागे घेतली नाही, तक्रारदारच तिकडे गेला.

त्यांनी मला गाणं शिकवायचा प्रयत्न केला. महिनाभराने पेटीचं झाकण लावत म्हणाले, गाढवापुढं वाचली गीता. मी म्हटलं, मग तुम्ही भूमिती शिका. दोन्ही बेत तिथेच संपले. तरी वर्षानुवर्षं डोक्यावर पेटी ऐकून माझ्यासारख्या बहिरीलाही एवढं कळायला लागलं होतं की पोरं सुरात आहेत की नाहीत.

ते पोरं निवडायचे नाहीत. ज्याला यायचं त्याने यावं. एखादा अगदीच बेसूर निघाला तर त्याला रांगेत मधोमध उभा करायचे आणि दोन्ही बाजूंना दोन चांगल्या गळ्याच्या पोरी. मी हसले तर म्हणायचे, "खडा शिजत नाई, पोट्टा शिजते." आणि खरंच शिजायचा. त्यांची पद्धत एकच होती. पेटीची एक पट्टी दाबून धरायची, सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ओठ बंद ठेवून तो सूर गुणगुणायचा, चाळीस गळ्यांचा एक गळा होईपर्यंत. त्या वेळात बोलणं नाही, खोकणं नाही, हा जड जातो, तो हलका जातो असली कुरकुर नाही. सूर मागायचा नसतो, दिला की घ्यायचा असतो, हे ते दर वर्षी नव्या पोरांना सांगत. माझ्या वर्गात काहून, कशाले, असे दहा प्रश्न विचारणारे पोट्टे तिथे मुकाट डोळे मिटून उभे राहत. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

दर हिवाळ्यात अकोल्याला विभागाची समूहगान स्पर्धा असायची. आमची शाळा जायची, चांगली गायची, पण पहिला नंबर कधी आला नव्हता. अकोला हा शब्द आमच्या घरात गावाचं नाव म्हणून कमी आणि त्या स्पर्धेचं नाव म्हणून जास्त वापरला जायचा. अकोला झालं की पापड लाटू, अकोला झालं की रंग देऊ घराला.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं असताना नववीच्या पोरांनी एकच धडा तीनदा लिहून घेतला. सरांनी तो तीन दिवस लागोपाठ शिकवला होता आणि एकाही पोराने तोंड उघडलं नाही. मला ते वर्गशिक्षिका म्हणून वह्या चाळताना कळलं. आधी मी पोरांवरच चिडले, मग घरी येऊन त्यांच्यावर. ते हसले आणि म्हणाले, धडाच चांगला आहे. पण मला त्या हसण्यात काहीतरी लंगडं दिसलं. मग बडनेऱ्याला भावाकडे जायला निघाले ते परतवाड्याच्या गाडीत बसले. मग एकदा स्वयंपाकघरात उभे राहून मला विचारलं की आपली आई कुठे दिसत नाही. त्यांची आई जाऊन किती वर्षं झाली होती.

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, रेषा काढायला लावल्या, घड्याळ काढायला लावलं. माझ्या नवऱ्याने काढलेल्या घड्याळात सगळे आकडे एकाच बाजूला गोळा झाले होते. आजाराचं नाव इंग्रजी होतं आणि त्यावर औषध नव्हतं, एवढं समजलं. डॉक्टर म्हणाले, आता नोकरी सोडलेली बरी. मुलगा बेंगळुरूहून फोनवर रोज नवं काहीतरी सांगायचा, बदाम द्या, शब्दकोडी सोडवायला लावा, चालायला न्या. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला त्याच्या बापाने नव्हे, त्याच्या पगाराने शिकवलं होतं. मी हे त्याला बोलूनही दाखवलं. तो फोनवरच रडला. तेव्हा मीच त्याची समजूत काढली.

ते स्वतः मात्र शांत होते. दवाखान्यातून आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "मले सारं समजते. जे हाये ते हाये. फक्त यंदाचं अकोला होऊ दे. एवढं एक झालं की मी सोडतो."

मी हो म्हटलं. शाळेत कोणाला काही सांगितलं नाही. मुख्याध्यापिका बाईंना काय दिसत होतं ते त्यांचं त्यांना माहीत, पण त्यांनी सरांचे इतिहासाचे तास हळूच दुसऱ्यांना वाटून दिले आणि गाण्याचा तास तेवढा ठेवला. त्या बाईंशी माझं कधी पटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी भांडणं सोडलं.

आणि नवल म्हणजे गाण्यात काही बिघडलं नव्हतं. बसवलेलं गाणं त्यांचंच होतं, आपल्या काळ्या मातीवरचं, शेवटच्या कडव्यात एकदम उंच चढणारं. ते कडवं पोरांना झेपावं म्हणून त्यांनी ठरवून सूर खाली ठेवला होता, काळी एक. पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनी बसलेल्या असतात. दोघींतली पहिली ती काळी एक, तिघींतली पहिली ती काळी तीन. माझ्यासारखीला दोन्ही सारख्याच दिसतात. त्यांना मात्र झोपेतून उठवलं तरी चुकायच्या नाहीत. म्हणजे तोपर्यंत चुकल्या नव्हत्या.

नोव्हेंबरात एकदा चुकल्या. तालमीत त्यांनी भलतीच पट्टी दाबली, लगेच थांबले, बोटं मागे घेतली आणि पेटीकडे असं पाहत राहिले, जणू ती दुसऱ्या कोणाची आहे. मग बरोबर पट्टी सापडली. पेटी त्यांची स्वतःची, रोज त्यांच्याबरोबर घरी यायची. त्या संध्याकाळी ते अंगणात बसले असताना मी कपाळाची टिकली काढून काळी एकवर चिकटवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी झाकण उघडलं आणि टिकली पाहिली. मला म्हणाले, "ही तं तुह्या कपाळाची हाये." त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं, काढली नाही, आणि पोरांना उभं राहायला सांगितलं. मी खाली वर्गात जाऊन फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि पोरांना सांगितलं की आज तोंडी गणितं.

गाण्याची सुरुवात एक नववीतली पोरगी करायची. तिचे आईवडील शहराबाहेर भाजी लावतात, ती पहाटे मेथीच्या जुड्या बांधून मग शाळेत यायची. गणितात तिचा उजेड होता, पण गळा असा की मी खडू खाली ठेवून ऐकायची. तिला मी अकोल्याच्या दोन दिवस आधी बाजूला घेतलं आणि जेवढं सांगणं भाग होतं तेवढंच सांगितलं. सरांचा सूर इकडेतिकडे झालाच, तर तू आपला रोजचाच धर, बाकीची तुझ्यामागे येतील. तिने मान हलवली. तिने काय समजून हलवली ते मी विचारलं नाही.

अकोल्याच्या दिवशी सर इतके चांगले होते की मला डॉक्टरांचा राग आला. एसटीत ते पोरांच्या मधोमध बसले, प्रत्येकाला नावाने हाक मारत होते. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी स्वतः उतरून सगळ्यांना आलूबोंडे वाटले आणि मिरची खाणाऱ्या पोरांना दम दिला, घसा बसला तर परत पायी नेईन. अंगात ठेवणीतला कोशाचा, रेशमी कुर्ता होता. एका पोरीने म्हटलं, सर नवरदेव दिसता. ते माझ्याकडे बघून म्हणाले, नवरीला विचारा. मला वाटलं, सगळं चुकीचं सांगितलं आहे आपल्याला, हा माणूस कुठे जाणार नाही.

हॉलमध्ये गेल्यावर कळलं की स्पर्धेची पेटी एकच, सगळ्या शाळांना तीच. पोरांनी एवढ्या लांबून सांभाळून आणलेली आमची पेटी खोलीत ठेवायला सांगितली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा येतो. मी कपाळाला हात लावला, टिकली होती, आणि तरातरा स्टेजच्या पायऱ्यांकडे गेले. तिथे बिल्ला लावलेली एक कोवळी मुलगी उभी होती. म्हणाली, मॅडम, वर एकच शिक्षक. मी तिला सांगितलं की दोन मिनिटांचं काम आहे. ती फार नम्रपणे नाही म्हणाली. मी आयुष्यभर पोरांना नियम म्हणजे नियम असं बजावत आले, आणि त्या नियमाने मला तिथे खाली उभं केलं. आमच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं.

सर पेटीमागे बसले. चाळीस पोरं उभी राहिली, पांढरे सदरे, निळे स्कर्ट, निळ्या पँटी. सरांनी भाता हलवला, पट्टी दाबली आणि डोळे मिटले. पोरांनीही मिटले. सूर निघाला आणि मला, मला गाढवीलासुद्धा, कळलं की हा आपला नाही. हा फार वर आहे. तिघींतली पहिली दाबली होती त्यांनी. मी त्या पोरीकडे पाहिलं. तिने डोळे उघडले. क्षणभर सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते डोळे मिटून, मान जरा तिरपी करून, अगदी सुखाने बसले होते. बाकीची सगळी गुणगुणायला लागली होती. तिने पुन्हा डोळे मिटले आणि तोच सूर घेतला.

पहिली दोन कडवी निभावली. उंच सूर ऐकायला आधी गोडच वाटतो, पुढच्या रांगेतल्या परीक्षक बाईंनी मानही डोलावली. शेवटच्या कडव्यात गाणं चढायला लागलं आणि पोरांना चढायला जागाच उरली नाही. आधी मुलांचे आवाज फाटले. मग पोरींचे. एकेक गळा गळून पडत गेला. रांगेत कोणी थांबलं नाही, शिरा ताणून, लाल होऊन, रडकुंडीला येऊन सगळी गात राहिली. शेवटच्या ओळीला ती एकटी वर पोचली आणि तिचाही आवाज चिरकला. मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. मी वळून त्या माणसाकडे असं पाहिलं की तो हसायचा थांबला. सर डोळे उघडून पोरांकडे पाहत होते. त्यांना काहीही कळत नव्हतं, आणि ते फक्त भाता जोरात हलवत होते, पोरांना तेवढाच आधार म्हणून.

खाली आल्यावर त्यांनी सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं. आवाज चढवला नाही. विचारलं, "काय झालं रे तुमाले? घरी तं सोन्यासारखं गात होते."

मग ती पोरगी पुढे झाली आणि म्हणाली की गेटाबाहेर गोळेवाला होता, तिने सगळ्यांना बर्फाचे गोळे खायला नेलं, घसे धरले. चूक तिची आहे. चाळीस पोरांनी माना खाली घातल्या. एकाने हो सर म्हटलं, मग सगळ्यांनी म्हटलं. गेटाबाहेर कुठला गोळेवाला नव्हता. भर थंडीत कोण गोळे विकतो? सरांनी कपाळावर हात मारला, तिला मनापासून रागावले, हे गाणं वर्षभर बसवलं होतं हे ऐकवलं, आणि शेवटी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की असो, पोरंच आहात तुम्ही. ती रडली. बाकीचीही रडली. सर त्यांची समजूत घालत होते.

परतीच्या गाडीत सर खिडकीशी झोपले. मी मागे जाऊन तिच्या शेजारी बसले. मला तिच्यावर रागवायचं होतं, खरंच. मी सांगितलं होतं तसं तिने केलं असतं तर त्यांचं ते एवढं एक नीट झालं असतं. मी विचारलं, तुला कळलं नव्हतं का?

"कळलं होतं, मॅडम," ती म्हणाली. "पण सरांनी दिला होता सूर. मी दुसरा धरला असता तं साऱ्या हॉलसमोर सरांले समजलं असतं का ते चुकले."

मी तिचा हात हातात घेतला. मेथीच्या जुड्या बांधून बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडल्या होत्या. बडनेरा येईपर्यंत तो हात मी सोडला नाही.

सर्व आटोपलं असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर ते कोशाचा कुर्ता घालून, भांग पाडून, पेटी दाराशी ठेवून बसलेले. मला म्हणाले, चल ना, पोरं वाट पाहून राहिली असतील, अकोल्याले जायचं ना आज. मी म्हटलं, कालच जाऊन आलो. ते विचारात पडले. मग विचारलं, कसं झालं? मी आयुष्यात पोरांच्या पेपरात अर्धा मार्क खोटा टाकला नाही. मी खरं सांगितलं, कमी पडलो. त्यांचा चेहरा उतरला, उतरलाच, आणि दिवसभर तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कुर्ता, पुन्हा पेटी, पुन्हा तोच प्रश्न. म्हणजे हा माणूस रोज सकाळी अकोल्याला निघणार होता आणि रोज सकाळी हरणार होता, आणि हरवणारी मी. आठवडाभरात एकदा मी संतापून ओरडलेदेखील, झालं, झालं, झालं ते! ते घाबरून भिंतीला टेकले. त्या दिवसापासून मी खोटं बोलायला लागले. पहिला नंबर आला म्हणायची. त्यांना तोंडभर हसू यायचं. दर वेळी पुढचा प्रश्न एकच, कोणत्या सुरात गायली? मी म्हणायची, तुम्ही दिलेल्या. ते म्हणायचे, मग ठीक आहे, आणि कुर्त्याची बटणं सोडायला लागायचे.

असं दोन-तीन वर्षं चाललं. त्यांची नोकरी सुटली, मीही निवृत्ती लवकर घेतली. शाळेतली पोरं येऊन जायची, मग त्यांची दहावी आली, मग ती पांगली. ती भाजीवाल्यांची पोरगी आता अकोल्यालाच नर्सिंगला आहे, सुट्टीत येते, त्यांना पेरू कापून भरवते. ते तिला हात जोडतात.

मला त्या सकाळच्या प्रश्नाचा किती कंटाळा यायचा ते मी कोणाला सांगत नव्हते. डोळे उघडायच्या आधीच वाटायचं की आता विचारतील. आणि मग एक दिवस त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी कुर्ता मुद्दाम खुर्चीवर काढून ठेवला, पेटी दाराशी आणून ठेवली. ते पेटीला वळसा घालून अंगणात गेले आणि ऊन खात बसले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की आता अकोला खरोखर गेलं, आणि ते त्यांच्यापेक्षा मलाच जास्त हवं होतं.

परवा सकाळी मला राहवलं नाही. चहाची कपबशी त्यांच्या हातात दिली, शेजारी बसले आणि न विचारताच सांगितलं, "अकोल्याला पोरं फार छान गायली. पहिला नंबर आला."

त्यांनी बशीतला चहा नीट संपवला. कोणी परकं माणूस आनंदाची बातमी सांगायला आलं तर ऐकावी तशी त्यांनी ती ऐकली, आणि हसून विचारलं, "वा. कोनत्या शाळेची होती?"

"आपल्या," मी म्हटलं, आणि कपबशी घेऊन आत गेले.